शिस्तीखाली

आमच्यात ‘साक्ष देणे’ असा एक प्रकार असतो. कोर्टातली नव्हे. तरुण संघाच्या सभेत किंवा कुणाच्या घरी उपासना असली की एखादा उभा राहतो आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. आजारातून उठलो, दारू सुटली, दुबईला नोकरी लागली. सांगून झालं की लोक ‘आमेन’ म्हणतात, कुणीतरी पेटी ओढून गाणं सुरू करतं. मी पहिली साक्ष दिली ती २०१४ च्या नाताळच्या सुट्टीत. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं पहिलं सेमिस्टर संपवून घरी आलो होतो. पाळकसाहेबांनी माईक हातात दिला. मी म्हणालो, बारावीला मार्क जरा कमी पडले होते, घरची परिस्थिती बेताची, तरी देवानं मला चांगल्या कॉलेजात सीट दिली. फीसुद्धा माफ झाली.

सगळे ‘आमेन’ म्हणाले. तिसऱ्या बाकावर आजी बसली होती. ती म्हणाली नाही. तिनं पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, माईकचा आवाज तिथपर्यंत पोचला नसेल.

ती सीट देवानं दिलेली नव्हती. एका कागदानं दिली होती, आणि त्या कागदावर मी ‘हिंदू महार’ होतो.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. १८३१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी नगरला काम सुरू केलं आणि पुढं, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, आसपासच्या खेड्यांतले महार आणि मांग मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले. मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांना रेव्हरंड टिळक आठवतात, पंडिता रमाबाई आठवतात. आम्हालाही त्यांचा अभिमान आहे, भाषणात आम्हीही आधी त्यांचीच नावं घेतो. पण आमच्या चर्चच्या बाकांवर बसणारे बहुतेक जण महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. त्या माणसांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. आडनावं आमची तीच राहिली जी गावात इतरांची आहेत, त्यामुळं नावावरून आम्ही पटकन ओळखू येत नाही. याची कधी अडचण होते, कधी सोय.

ख्रिस्ती झालं की जात गेली, असं आम्ही म्हणतो. सरकारही तेच म्हणतं. फक्त गाव म्हणत नाही.

सरकारचं म्हणणं १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. कॉलेजात असताना मी सूसई नावाच्या माणसाचा खटला वाचला. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा माणूस. सरकारनं अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या वाटल्या, याला नाही मिळाली, कारण हा ख्रिस्ती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली न्यायालयानं सांगितलं की धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढाच तीव्र राहतो, हे नीट पुराव्यानं दाखवायला हवं होतं, ते दाखवलेलं नाही. चपला शिवणाऱ्या माणसानं असला पुरावा कुठून गोळा करायचा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आजही कळत नाही.

हे सगळं खरं आहे. पण महाराष्ट्रात आमच्यासारख्यांना ओबीसीत धरतात, म्हणजे दार अगदीच बंद नाही, हेही खरं आहे. मला ओबीसीतून कुठंतरी सीट मिळाली असती. एवढ्या चांगल्या कॉलेजात नाही, एवढी फी माफ होऊन नाही, पण मिळाली असती. हे मुद्दाम आधीच सांगतो. कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ‘दुसरा मार्गच नव्हता’ असं म्हणायची सोय मला नको.

आमच्या घरात एका पेनाची गोष्ट सांगितली जायची. माझे पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. तिथल्या गुरुजींनी दाखल्यावर नेहमीप्रमाणे ‘हिंदू महार’ लिहून टाकलं होतं, कुणी विचारलं नव्हतं. १९८४ साली पप्पांनी एका सरकारी ऑफिसात क्लार्कच्या जागेसाठी अर्ज केला. दाखला जोडला, आणि फॉर्मवर ‘धर्म’ या रकान्यात लिहिलं, ख्रिस्ती. खिडकीवरचा माणूस भला होता. तो म्हणाला, अरे, असं लिहिलंस तर दाखल्याचा उपयोग नाही, हे खोड आणि हिंदू लिही, हे घे पेन. पप्पांनी पेन घेतलं नाही. एस.टी.नं घरी परत आले. आजीनं सगळ्या वस्तीला गोळा करून ती गोष्ट सांगितली आणि त्या रविवारी आमच्याकडं प्रार्थना ठेवून शेंगदाण्याचे लाडू वाटले.

नोकरी गेली ती गेलीच. पप्पा पुढं अकरा वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते, पगार कधी तीन महिन्यांनी, कधी पाच. माझा जन्म झाला तेव्हा दवाखान्याचं बिल आजीच्या कानातल्या विकून भरलं होतं. ही गोष्ट मात्र प्रार्थनेत कुणी सांगत नसे.

२००२ साली मला पहिलीत घालायला पप्पा घेऊन गेले. शाळेच्या फॉर्मवर त्यांनी स्वतः लिहिलं, हिंदू महार. या वेळी पेन त्यांचंच होतं.

बारावीनंतर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. कागद समितीला पुरेसे वाटले नाहीत तर दक्षता पथकाचा माणूस शाळेत आणि घरी येऊन चौकशी करतो. २०१४ च्या जूनमध्ये आमच्याकडं तो येणार असल्याचं एका नातेवाइकानं आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्या घरात जे चाललं होतं ते आठवलं की मला आधी हसू येतं. शेवटच्या भोजनाची मोठी तसबीर उतरवली, तर मागं भिंतीवर तेवढाच उजळ चौकोन राहिला. त्यावर साखर कारखान्याचं कॅलेंडर लावलं, ते लहान पडलं. मग शेजारून विठ्ठल-रखुमाईची तसबीर उसनी आणली, ती बरोबर मापाची निघाली. बाबासाहेबांचा फोटो आधीपासून होता, तो राहिला. दारावरचा क्रूस पप्पांनी स्क्रू ड्रायव्हरनं काढला आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून शर्टाच्या खिशात ठेवले. आईनं उपासनेची पुस्तकं गादीखाली सारली. आजीचं पवित्र शास्त्र जाड होतं, कुठं मावेना. ते एका जुन्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत खाली घातलं.

आजी चुलीशेजारी बसून हे सगळं बघत होती. काही बोलली नाही. ‘तू सकाळीच मावशीकडं जाऊन बस,’ पप्पा तिला म्हणाले. ती म्हणाली, ‘गुडघं लई दुखत्यात.’

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो माणूस आला. घाम पुसत, दमलेला, सभ्य. चहा घेतला. लग्नात काय काय करता, कुलदैवत कुठलं, जत्रेला कुठं जाता. पप्पा पाठ केल्यासारखं उत्तर देत होते. खंडोबा. जेजुरी. तो लिहून घेत होता. मग कप खाली ठेवताना त्याचं लक्ष आजीकडं गेलं. पांढरं लुगडं, हातात बांगडी नाही, कपाळ कोरं.

‘आजी, तुमचं कुलदैवत कुठलं?’

आजीनं पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणाले, ‘तिला ऐकू येत नाही साहेब. वय झालं.’

तो जरा पुढं झुकला आणि मोठ्यांदा म्हणाला, ‘कुलदैवत, आजी!’

आजीनं कानामागं हात धरला आणि म्हणाली, ‘आं?’

त्यानं हसून मान हलवली, फाइल बंद केली. त्या एका ‘आं?’वर माझं इंजिनिअरिंग झालं.

माझी आजी कोण होती हे सांगितल्याशिवाय त्या ‘आं?’ची किंमत कळायची नाही. ती बायबलबाई होती. हा शब्द आता आमच्यातल्या पोरांनाही माहीत नसतो. मिशनच्या काळापासून बायका खेडोपाडी पायी फिरायच्या, बायकांच्यात बसून शास्त्र वाचायच्या, गाणी म्हणायच्या, अक्षरओळख करून द्यायच्या. आजीला स्वतःला सोळाव्या वर्षी वाचता यायला लागलं. त्यानंतर चाळीस वर्षं ती हिंडली. पगार नावापुरता. पिशवीत शास्त्र, चुन्याची डबी, एक भाकरी आणि कांदा.

तिचा एक नियम होता. ज्या घरी जाईल तिथं आधी पाणी मागायचं. पाणी पिऊन झाल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. तिच्या तरुणपणी महाराच्या बाईनं मांगाच्या घरचं पाणी पिणं ही साधी गोष्ट नव्हती, बाप्तिस्मा झालेला असला तरी. तिच्याबरोबरच्या काही बायका मांगवाड्यात जायच्या, गोड गायच्या आणि तहान लागलेली असली तरी तशाच परत यायच्या. आजी सांगायची, ‘त्या बायांस्नी कळतंय की सगळं. तू त्यांच्याकडं देव घिऊन जाती आन तांब्या तोंडाला लावत न्हाईस. मग त्यांनी तुझा देव का म्हून घ्यावा?’

उपदेश म्हणून तिनं मला कधी काही सांगितल्याचं आठवत नाही. ‘आधी पाणी, मग शास्त्र’ हेसुद्धा तिनं सांगितलेलं नाही. मी तिच्याबरोबर लहानपणी दोन-चार वेळा गेलो होतो, तेव्हा पाहिलेलं.

प्रभुभोजन आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. भाकरीच्या तुकड्यांची थाळी आणि द्राक्षरसाच्या छोट्या छोट्या पेल्यांचं तबक बाकाबाकांवरून फिरतं. फिरवण्याचं काम पंचांचं. पप्पा तेव्हा पंच कमिटीवर होते. पांढरा शर्ट, दोन्ही हातांत तबक, पाऊल न वाजवता चालायचे. त्यांना ते फार शोभायचं, हे मान्य केलं पाहिजे.

साक्ष दिली त्याच्या पुढच्या रविवारी मी आजीशेजारी बसलो होतो. थाळी आली. आजीनं ती घेतली आणि मला दिली. मी तुकडा उचलला. पेल्यांचं तबक आलं. पप्पांच्या हातातून आजीच्या हातात. तिनं ते तसंच माझ्याकडं सरकवलं. मला वाटलं, तिची घ्यायची विसरली. मी हळूच परत तिच्यापुढं धरलं. तिनं मान हलवली.

घरी येताना विचारलं. ती म्हणाली, ‘माझं न् त्याचं भांडण चाललंय. तू खा.’

कधीपासून, तर जुलैपासून. म्हणजे सहा महिने. चर्चमध्ये कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असलं तरी म्हातारी माणसं पोटाला सोसत नाही म्हणून टाळतात, असं वाटलं असेल. दर महिन्याला तबक तिच्या हातात देणारा माणूस तिचा मुलगा होता. त्याच्या लक्षात आलं नसेल, असं मला वाटत नाही.

मी म्हणालो, ‘अगं, पेत्रानंसुद्धा नाकारलं होतं की तीनदा. त्याला तर प्रभूनं परत जवळ केलं.’ मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि मला शास्त्रातली सगळी उत्तरं यायची.

आजी थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘पेत्राला मरायची भीती हुती. तलवारीवाले आले हुते. मला तर एक माणूस इचारत हुता, च्या पिऊन चाललेला.’

त्यावर मला काही बोलता आलं नाही. आमच्या गल्लीतला एक कोंबडा दिवसभर कधीही आरवायचा. तो तेवढ्यात आरवला. आजी खुदकन हसली. मग मीही हसलो. ती हसू शकत होती, हे मी पुढं बरीच वर्षं विसरलो होतो. ती दुःखात बुडून गेलेली बाई नव्हती. ती रोज पहाटे उठायची, प्रार्थना करायची, भाजी निवडताना गायची. फक्त ती थाळी पुढं सरकवायची.

२०१६ मध्ये पंच कमिटीपुढं एक प्रकरण आलं. आमच्या चर्चमधला एक बिगारी काम करणारा माणूस. मूळ मांगवाड्यातलं कुटुंब. त्याच्या मुलीचं लग्न एका हिंदू घरात ठरलं आणि पोराकडच्यांच्या हट्टानं याच्या दारात जागरण-गोंधळ झाला. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं, ते फिरलं. कमिटी बसली. सहा महिने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं ठरलं. आमच्यात याला ‘शिस्त लावणे’ म्हणतात, आणि तो माणूस मग ‘शिस्तीखाली’ असतो. रविवारी ते पत्र सगळ्या मंडळीसमोर वाचलं गेलं. वाचलं माझ्या पप्पांनी. मूर्तिपूजा, दुटप्पी जीवन, मंडळीची साक्ष बिघडणे, असे शब्द होते. शुद्ध, छान उच्चार. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट घुमत होती. शेजारून उसनी आणलेली ती बरोबर मापाची तसबीर.

तो माणूस आणि त्याची बायको शेवटच्या बाकावर बसली होती. तबक फिरायला लागलं तेव्हा आजी तिसऱ्या बाकावरून उठली. गुडघे धरून, एकेका बाकाचा आधार घेत मागं गेली आणि त्या बाईशेजारी बसली. पाळकसाहेब थांबले. आजी म्हणाली, ‘चालू द्या. मी बी शिस्तीखालीच हाय. मला कुनी लावली न्हाई येवढंच.’

लोकांना वाटलं, म्हातारी भ्रमिष्टासारखं बोलते. पप्पांचे हात थरथरले, पेले एकमेकांवर वाजले. मी ऑर्गनजवळ बसलो होतो. मला सगळं माहीत होतं, आणि मी पुढच्या गाण्याचं पान काढत होतो.

सहा महिने ती मागंच बसायची. त्या बाईनं नंतर सांगितलं की पहिल्या आठवड्यात आजी त्यांच्या घरी गेली होती. पाणी मागितलं, प्यायली, आणि पुस्तक न उघडताच परत आली.

पुण्यात मी दुसऱ्या एका चर्चमध्ये जायला लागलो. एसी हॉल, गिटार, पडद्यावर गाण्याचे शब्द, सगळे आयटीतले. तिथं दांभिकपणा हा आवडता विषय होता. जुन्या चर्चमध्ये नुसते विधी चालतात, आतून माणूस बदललेला नसतो, वगैरे. मी या विषयात हुशार होतो, माझ्याकडं घरचाच नमुना होता. पप्पा रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲपवर वचन पाठवायचे, मी ते न उघडता म्यूट करून ठेवलं होतं. येशूनं सांगितलेली ती परूशी आणि जकातदाराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी देवाचे आभार मानतो की मी या जकातदारासारखा नाही. जकातदार मान वर न करता नुसती दया मागतो. आमच्या गटात ही गोष्ट वाचून झाल्यावर आम्ही सगळे मनातल्या मनात आभार मानायचो की आम्ही त्या परूश्यासारखे नाही. मी तर नाव घेऊन मानायचो. पप्पांसारखा नाही.

याच काळात ‘स्मृतिचित्रे’ वाचलं. शाळेत धडा होता तेवढंच माहीत होतं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी. नवऱ्याजवळ परत राहायला आल्यावरही त्या सुरुवातीला आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं सांभाळत होत्या, आणि ते हळूहळू कसं सुटत गेलं ते त्यांनी स्वतःची थट्टा करत लिहिलंय. मला पुस्तकातलं दुसरं काही नाही तरी हे फार लागलं. त्या मधल्या काळाला त्यांनी झाकलेलं नाही. मी आधी अशी होते, मग तशी झाले, एवढंच. आमच्या साक्षीत हा मधला काळ कधी नसतो. अंधार असतो, मग एकदम उजेड.

माझा मधला काळ असा की मी डिग्री घेतली, कॅम्पसमधून नोकरी लागली. २०२० मध्ये एका सरकारी बँकेचा फॉर्म भरत होतो. ‘प्रवर्ग’ लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवलं, खाली यादी उघडली. बराच वेळ बघत बसलो आणि फॉर्म बंद केला. यात चांगुलपणा होता असं नाही. नोकरी होतीच. पोट भरलेल्या माणसाला खरं बोलणं परवडतं. १९८४ साली पप्पांचं पोट भरलेलं नव्हतं, तरी त्यांनी पेन घेतलं नव्हतं. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ज्या माणसाला मी दांभिक म्हणून म्यूट केलं होतं, त्यानं आयुष्यात एकदा तरी ते करून दाखवलं होतं. मी एकदाही नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायची मला लाज वाटते म्हणून इतक्या खाली आली. आमच्या मागच्या गल्लीत माझा एक मित्र होता, बौद्ध. दहावीपर्यंत एका बाकावर. बारावीला त्याला माझ्यापेक्षा थोडे कमी मार्क होते. त्याला त्याच प्रवर्गातून लांबच्या, बऱ्यापैकी वाईट कॉलेजात प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या वर्षी तो सोडून आला. मी बसलो ती खुर्ची नेमकी त्याचीच होती असं नाही, यादी तशी सरळ चालत नाही. पण कुणाची तरी होती. साक्षीत मी म्हणालो होतो, देवानं दिली.

आजी २०१९ च्या फेब्रुवारीत गेली. शेवटचे दहा-बारा दिवस अंथरुणावर होती, बोलणं कमी झालं होतं. पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. पप्पांनी पेला तिच्या ओठांजवळ नेला. ‘आई, घे,’ म्हणाले. तिनं आपला हात वर केला आणि पेला धरलेल्या पप्पांच्या हातावर ठेवला. खूप वेळ तसाच. प्यायली नाही. पप्पांनी पेला खाली ठेवला, तिचा हात तिथंच होता. हे भांडण मिटणं होतं की न मिटणं, हे मला कळलेलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली.

पुनरुत्थान दिनाच्या आधी आम्ही दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतो, चुना मारतो. येशूनं ढोंगी लोकांना चुना लावलेल्या कबरी म्हटलं होतं, बाहेरून पांढऱ्याशुभ्र आणि आत हाडं. मला नेहमी वाटायचं की हा चुना म्हणजे सजावट. नंतर वाचलं की यरुशलेमेत वल्हांडणाच्या आधी कबरींना चुना लावायचे तो वेगळ्या कारणासाठी. सणाला लांबून येणाऱ्या लोकांनी चुकून कबरीला शिवून विटाळ करून घेऊ नये, म्हणून ती खूण असायची. इथं आत काय आहे ते लक्षात ठेवा आणि जपून चाला, असं सांगणारी. आजीच्या कबरीला चुना मारताना दर वर्षी मला हे आठवतं. दर वर्षी पप्पा डबा धरतात आणि मी ब्रश मारतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात निकाल दिला. बाप्तिस्मा झालेली, चर्चला जाणारी, आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागणारी. न्यायालयानं याला संविधानाची फसवणूक म्हटलं. बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर एकही शब्द नव्हता. पहाटे साडेपाचला पप्पांचं वचन आलं नाही. माझ्या लक्षात आलं, कारण मी ते म्यूटमधून काढून आता बरेच महिने झाले होते. सकाळी त्यांचा फोन आला. वाचलंस का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मग दोघं काही बोललो नाही. मागं आईचा कुकर ऐकू येत होता.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला. कारण लिहिलं, प्रकृती. आता ते तबक फिरवत नाहीत, शेवटच्या बाकावर बसतात. तबक येतं तेव्हा घेतात की नाही, ते मी बघत नाही. मी शेजारी नसतो.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा गावी जाऊन त्यांना सांगितलं. लपवून लिहिणं जमलं नसतं. ते अंगणात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘चर्चचं नाव घालू नकोस. पाळकसाहेबांचा यात काही दोष नाही.’

मी हो म्हणालो.

‘माझं घालायचं तर घाल.’

नाही घालत, मी म्हणालो.

ते उठून आत गेले. मला वाटलं, विषय संपला. आतून परत आले, हातात पाण्याचा तांब्या. माझ्यापुढं ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, ‘एक लिही. आईला ऐकू येत होतं. शेवटपर्यंत चांगलं ऐकू येत होतं. तेवढं नीट लिही.’